लाल रेघ आली नाही म्हणून?

बसा खाली. अंकाची पानं आज छापखान्यात जायची होती. ती जाणार नाहीत. का, ते नीट ऐकून घ्या.

पहिल्याच पानावर मोठ्या टायपात तुम्ही लिहिलंय, 'महाराष्ट्र दीन'. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. १ मेच्या अंकात आपल्याच राज्याला केविलवाणं म्हणून मोकळे झालात! विचारलं तर म्हणता, "सर, स्पेलचेक केलं होतं, लाल रेघ आली नाही." अरे, येईल कशी? तो शब्द आपल्या यादीत आहे की नाही, एवढंच ते बघतं. 'दिन' यादीत आहे, 'दीन'ही आहे. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. यातलं तुम्हाला काय म्हणायचंय, हे तुम्हालाच ठाऊक असायला हवं.

आता पान चार. 'आर्शिवाद', तोही तीन वेळा. याखाली तर रेघ उमटायलाच हवी होती. मग गेली कुठे? मी स्वतः त्या कॉम्प्युटरवर बसून पाहिलं. तुमच्यापैकी कुणीतरी 'अ‍ॅड टू डिक्शनरी' दाबून ठेवलंय. चूक सुधारायची सोडून तिला शब्दकोशात नेऊन बसवलंत! आता त्या कॉम्प्युटरवर पुढच्या वर्षीची मुलंही हीच चूक करतील आणि त्यांना कुणी अडवणार नाही. पाठ करा: आशीर्वाद. 'शी' दीर्घ, रफार 'वा'वर.

मराठीत बरोबर शब्दांखालीही रेघा येतात, हे मला मान्य आहे. घर, घरात, घरातल्या, घरातल्यांनाही. एकेका शब्दाची इतकी रूपं होतात की सगळी यादीत सापडत नाहीत. पण म्हणून तुम्ही सगळ्याच रेघांकडे काणाडोळा करायला लागलात. दहा रेघा उगाच आल्या, म्हणून अकरावीही उगाच आली असं कुणी सांगितलं? रेघ दिसली की थांबायचं आणि कोश उघडायचा.

शुद्धलेखनाचे नियमही काही डोंगराएवढे नाहीत. शासनाने १९६२ साली चौदा मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. एकूण अठरा. 'फूल' दीर्घ पण 'फुलाला' ऱ्हस्व, 'मूल' दीर्घ पण 'मुलाला' ऱ्हस्व, हे का, ते त्यांतच सांगितलंय. दोन दुपारी बसलात तर वाचून होतील. तेवढंही कुणी केलेलं नाही, याचा मला खरा राग आहे.

स्पेलचेक वापरू नका, असं मी म्हणत नाही. भाषा मराठी निवडा आणि ते जरूर चालवा. टायपिंगच्या पुष्कळ चुका ते पकडतं. पण तिथून पुढे तुमचं काम सुरू होतं. पानं कागदावर काढा. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, पहिली वेलांटी की दुसरी, तेही सांगत. दुसऱ्याने छापील ओळीवर बोट ठेवून ताडून पाहायचं. कंटाळा आला तर पाणी पिऊन या आणि पुन्हा बसा.

अंकावर संपादक म्हणून तुमची नावं आहेत. तेव्हा त्यातली प्रत्येक चूक तुमच्या नावावर जमा होते. उद्या सकाळी आठला सगळे इथे हवेत. आधी त्या शब्दकोशातून 'आर्शिवाद' काढा, मग पहिल्या पानाला हात लावा.