बाजूला पडलेल्या हजारांचे काय?

दर वर्षी ईस्टरनंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही धर्मगुरू आमच्या मुलुंडच्या धर्मग्रामातील इमारती-इमारतींतून फिरतो. बहुतेक ठिकाणी आता लिफ्ट आहे, त्यामुळे एका संध्याकाळी वीस-बावीस घरे सहज होतात. पवित्र पाणी शिंपडायचे, छोटी प्रार्थना म्हणायची आणि एक्याण्णवाव्या स्तोत्राचे लॅमिनेट केलेले कार्ड घरातील प्रत्येकाच्या हाती द्यायचे, असा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता. कार्ड देताना 'हे जवळ ठेवा, देव तुमचे रक्षण करील' असे मी म्हणत असे. ते मी किती सहज म्हणत असे, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आरंभी आमच्या धर्मग्रामातील चोवीस वर्षांचा एक तरुण सकाळी कामावर जाताना लोकलमधून पडून मरण पावला. पोलिसांनी परत दिलेल्या पाकिटात पास होता, थोडे पैसे होते आणि मी दिलेले कार्ड होते. महिन्याच्या मिस्सानंतर त्याची आई सॅक्रिस्टीत आली आणि तिने ते कार्ड टेबलावर ठेवले. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

"फादर, हे स्तोत्र मी रोज वाचत होते," ती म्हणाली. "यात एके ठिकाणी आहे, बाजूला हजार माणसं पडली तरी तुला काही होणार नाही. त्या हजारांच्या आयांनी प्रार्थना केली नव्हती का हो?"

सेमिनरीत असताना दुःखाच्या प्रश्नावर मी एक दीर्घ निबंध लिहिला होता व त्याला चांगले गुणही मिळाले होते. त्या निबंधातील एकही वाक्य त्या टेबलापाशी उपयोगी पडले नाही. "मला उत्तर ठाऊक नाही, ताई," एवढेच मी म्हणालो.

हे स्तोत्र मुळात यहुद्यांचे. आपल्याला ते त्यांच्याकडून मिळाले आहे. रविवारच्या रात्रिप्रार्थनेत आम्ही धर्मगुरू ते म्हणतो. परंतु ज्या लोकांनी ते दोन हजारांहून अधिक वर्षे म्हटले आणि ज्यांच्याइतकी संकटे क्वचितच दुसऱ्या कोणावर कोसळली असतील, त्यांनी बाजूला पडलेल्या हजारांचा विचार कसा केला, हे पाहावे असे मला वाटू लागले.

त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. मुलुंडच्या पुढचे स्टेशन ठाणे. तेथे १८७९ साली बांधलेले 'शाआर हाशामाईम', म्हणजे 'स्वर्गाचे द्वार', हे सिनेगॉग आहे, आणि तेथे प्रार्थनेला येणारे बेने इस्राएल लोक तुमच्या-माझ्याइतकेच मराठी आहेत. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. जी मागे राहिली त्यांतील बरीच मुंबई-ठाण्यात आहेत. त्यांच्यापैकी एक निवृत्त वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. मी त्यांना काका म्हणतो. त्या आईचा प्रश्न मी त्यांना सांगितला, तेव्हा थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "एकदा नवगावला चला माझ्याबरोबर."

नवगाव हे अलिबागजवळचे समुद्राकाठचे गाव. बेने इस्राएलांची परंपरा अशी की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी छळामुळे मायदेश सोडून निघालेल्या त्यांच्या पूर्वजांचे जहाज या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे या लोकांनी कोकणातील गावोगावी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. प्रार्थनांपैकी 'शेमा' तेवढी तोंडी राहिली. देवाच्या एकत्वाची कबुली देणारी ती प्रार्थना सुखात, दुःखात, जन्मात, मरणात ते म्हणत राहिले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली तेल अविव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ही कथा नोंदवली आहे. तीत इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा वाद विद्वानांनी घालावा.

याच समाजाची श्रद्धा आहे की एलियाहू संदेष्टा अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथे येऊन गेला आणि तेथील खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली. कोणी आजारातून उठले, कोणाचे लग्न ठरले, कोणी प्रवासाहून सुखरूप परतले, की पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून ते एलियाहू हानाबीचे स्तवन करतात. माऊंट मेरीला मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या आजीला हसणारे तरुण मला भेटतात. त्यांनी एकदा हा मलिदा खाऊन पाहावा. संरक्षण मागणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. ते नाते असल्याचे लक्षण आहे.

परंतु काकांनी मला रथाची खूण दाखवली नाही. त्यांनी मला नवगावची दफनभूमी दाखवली. जहाज फुटल्यावर जी प्रेते किनाऱ्याला लागली, ती येथे दोन उंचवट्यांखाली पुरली, पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे, असे परंपरा सांगते. वाचलेल्या सात जोडप्यांचे वंशज न वाचलेल्यांच्या कबरींपाशी येऊन उभे राहतात. आपण वाचलो म्हणून ते देवाचे आभार मानतात. पण जे बुडाले त्यांची श्रद्धा उणी होती, असे काकांनी सांगितलेल्या कथेत कोठेही नव्हते. "जे इथे आहेत, तेही शेमाच म्हणत बुडाले असतील," काका म्हणाले आणि वाऱ्याने उडणारी टोपी सावरीत पुढे चालू लागले. अलिबागच्या त्यांच्या सिनेगॉगचे नाव 'मागेन अबोथ', म्हणजे 'पूर्वजांची ढाल'. मला त्या नावाचे नवल वाटले. ज्यांच्या समाजाचा आरंभच जहाज फुटण्यापासून होतो, त्यांनी देवाला ढाल म्हणावे!

काकांच्या घराच्या चौकटीवर एक छोटी नळी तिरकी बसवलेली आहे. तिला मेझुझा म्हणतात. आत चर्मपत्रावर अनुवादाच्या सहाव्या व अकराव्या अध्यायातील दोन उतारे हाताने लिहिलेले असतात, आणि पहिल्या उताऱ्याचा आरंभ शेमाने होतो. चर्मपत्राच्या पाठीवर 'शद्दाय' हे देवाचे नाव असते. एक्याण्णवाव्या स्तोत्राच्या पहिल्याच वचनात देवासाठी तेच नाव आले आहे. मेझुझा घराचे रक्षण करते अशी पुष्कळ यहुद्यांची भावना आहे. पण मायमोनीडीस या बाराव्या शतकातील महान यहुदी तत्त्वज्ञाने, मेझुझाच्या आत देवदूतांची नावे घुसडणाऱ्यांची कडक शब्दांत हजेरी घेतली आहे. देवाच्या एकत्वाची आणि त्याच्या प्रेमाची आठवण करून देणारी आज्ञा हे लोक स्वतःच्या लाभाचा ताईत करून टाकतात, अशी त्याची तक्रार होती. ती वाचताना मला माझी लॅमिनेट केलेली कार्डे आठवली.

आपल्या शुभवर्तमानातही हाच वाद आहे, हे मी इतकी वर्षे नीट पाहिले नव्हते. मंदिराच्या शिखरावर सैतान प्रभू येशूला एक्याण्णवावे स्तोत्रच ऐकवतो: उडी टाक, देवदूत तुला झेलतील. म्हणजे संरक्षणाचे स्तोत्र हमीपत्र म्हणून वापरण्याची कल्पना प्रथम कोणाच्या मुखातून येते, ते पाहा! आणि येशू त्याला उत्तर देतो ते अनुवादाच्या सहाव्या अध्यायातून. ज्या अध्यायातील शब्द यहुदी माणूस आपल्या चौकटीवर ठोकतो, त्याच अध्यायात थोडे पुढे देवाची परीक्षा पाहू नये अशी आज्ञा आहे. येशूने स्तोत्र नाकारले नाही. त्याचा सौदा करण्याचे नाकारले.

रब्बींनाही हा पेच ठाऊक होता. तालमूदमध्ये अशी नोंद आहे की तिसऱ्या शतकातील रब्बी यहोशुआ बेन लेवी रात्री झोपताना हे स्तोत्र म्हणत. त्यावर लगेच शंका निघते: पवित्र वचनांनी स्वतःला बरे करणे निषिद्ध असताना त्यांनी असे कसे केले? उत्तर मिळते की, रक्षणासाठी म्हणणे वेगळे. हे उत्तर मला प्रथम पळवाटेसारखे वाटले. आता तसे वाटत नाही. जखमेवर वचन पुटपुटणारा माणूस वचनाचे औषध करतो. अंथरुणावर पडलेला माणूस दिवा मालवण्यापूर्वी कोणाच्या तरी स्वाधीन होतो. जखमेवर असे मंत्र पुटपुटणाऱ्याला येणाऱ्या युगात वाटा नाही, असे रब्बी अकिवाने बजावले होते. तोच अकिवा रोमनांच्या हाती सापडला, आणि लोखंडी फण्यांनी त्याचे शरीर ओरबाडले जात असता शेमा म्हणत मेला. शेमाने त्याला वाचवावे, ही त्याची अपेक्षाच नव्हती.

मायमोनीडीसच्या विचाराचा मात्र मला त्रास झाला, आणि तो सांगितला पाहिजे. सुमारे ११९० साली पूर्ण केलेल्या आपल्या 'संभ्रमितांचा मार्गदर्शक' या ग्रंथाच्या अखेरीस तो म्हणतो की, ज्याच्या मनाचे चिंतन जितके देवाशी जडलेले, तितके त्याच्यावर देवाचे छत्र असते. चिंतन तुटले की छत्र सुटते व माणूस अपघाताच्या तोंडी जातो. याला आधार म्हणून तो एक्याण्णवावे स्तोत्रच घेतो. विचार उदात्त आहे. देवाचे सान्निध्य हेच संरक्षण, वेगळी लाच देऊन मिळवायची वस्तू नव्हे, हे त्यात आहेच. पण मग सकाळी साडेआठला लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या तरुणाचे काय? त्या क्षणी त्याचे मन देवापासून ढळले होते, असे मी त्याच्या आईला सांगायचे? हे मी कोणत्याही तत्त्वज्ञाच्या शब्दाखातर सांगणार नाही. मायमोनीडीसचा हिब्रू भाषांतरकार सॅम्युएल इब्न तिब्बोन यालाही हे पटले नाही; ग्रंथात अन्यत्र म्हटलेल्याशी याचा मेळ कसा घालायचा, असे त्याने ११९९ साली पत्राने विचारले.

आणि मायमोनीडीसच्या स्वतःच्या घरची गोष्ट? त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड रत्नांचा व्यापारी होता. भारताकडे निघालेल्या डेव्हिडने तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरातून भावाला लिहिलेले पत्र कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधील कागदपत्रांत सापडले आहे. वाळवंटातील प्रवास कसा जिवावर बेतला ते सांगून त्याने घरच्यांना धीर दिला आहे: वाळवंटात ज्याने तारले तो समुद्रातही तारील, काळजी करू नका. डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. आपल्याच समुद्रात, म्हणायला हवे. मागे त्याची पत्नी आणि लहान मुलगी राहिली. मायमोनीडीस सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होता. आठ वर्षांनंतर एका स्नेह्याला लिहिताना तो कबूल करतो की अजूनही आपले सांत्वन झालेले नाही, भावाचे हस्ताक्षर दिसले की काळीज हलते. त्या पत्रात, डेव्हिडचे चिंतन तुटले होते म्हणून तो बुडाला, असे एका शब्दानेही तो सुचवीत नाही. ग्रंथ लिहिणारा आणि पत्र लिहिणारा माणूस एकच. मी पत्र लिहिणाऱ्यावर अधिक विश्वास ठेवतो.

मुंबईकरांना २००८ सालचा नोव्हेंबर विसरता येणार नाही. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का आल्या-गेल्याला जेवू घालीत, प्रार्थनेला जागा देत. दोघेही तेथे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या ख्रिस्ती दाईने उचलून बाहेर आणले. मोशेवर देवाचे छत्र होते म्हणावे, तर आईबापांवर नव्हते असे कोण म्हणेल? मी ते वाक्य अर्ध्यावरच सोडून देतो.

काकांकडून शेवटी एक गोष्ट कळली, जी मला ठाऊक असायला हवी होती. यहुदी लोक एक्याण्णवावे स्तोत्र रात्री झोपताना तर म्हणतातच. पण मृताला कबरीकडे नेतानाही म्हणतात, आणि वाटेत थांबत थांबत म्हणतात. काही अपाय होणार नाही असे सांगणारे स्तोत्र, ज्याला सर्वांत मोठा अपाय होऊन गेला आहे त्याच्यासाठी! हे लोक आंधळे आहेत, की त्या शब्दांचा अर्थ त्यांना आपल्याहून अधिक कळला आहे? स्तोत्र शेवटपर्यंत वाचले तर दिसते की अखेरीस बोलणारा बदलतो. देव स्वतः बोलू लागतो, आणि संकटाच्या वेळी आपण त्या माणसाच्या सोबत असू, असे सांगतो. संकट येणार हे तेथे गृहीतच आहे. माझ्या कार्डावर जागेअभावी स्तोत्राचा पूर्वार्धच छापलेला होता.

त्या आईला मी हे सर्व एका बैठकीत सांगितले नाही. तालमूदमध्ये रब्बी योहानानची कथा आहे. आजारी मित्राला तो विचारतो, या यातना तुला प्रिय आहेत का? मित्र म्हणतो, यातनाही नकोत आणि त्यांचे फळही नको. योहानान त्याला प्रवचन देत नाही, हात देतो आणि उठवतो. पुढे योहानान स्वतः आजारी पडतो, तेव्हा त्यालाही दुसऱ्या कोणीतरी हात द्यावा लागतो. कैद्याला स्वतःची सुटका करता येत नाही, असे कारण तेथे दिले आहे. मी अधूनमधून तिच्या घरी जातो. ती चहा करते. कधी मुलाविषयी बोलणे निघते, कधी नुसता भाजीचा भाव. मुलाच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला तिने आपणहून विचारले, दफनभूमीत ते स्तोत्र वाचता येईल का. वाचणार मीच होतो, पण पुस्तक तिने हातात घेतले आणि पूर्ण वाचले. हजारांच्या वचनापाशी ती क्षणभर अडखळली.

या वर्षीही ईस्टरनंतर मी घरोघरी गेलो. कार्डे नव्याने छापून घेतली आहेत, थोडी मोठी, सोळाही वचनांची. ती पाकिटात मावत नाहीत, अशी तक्रार आहे. मी घरच्यांबरोबर बसून ते शेवटपर्यंत वाचतो आणि मग कोणाला काही विचारायचे असेल तर ऐकतो. त्यामुळे एका संध्याकाळी सहा-सात घरांच्या वर होत नाहीत, आणि धर्मग्रामाच्या सचिवांनी मला दोनदा विचारले आहे की उरलेल्या इमारतींचे काय करायचे.