चुकलेल्या धड्यांची कजा

आमच्या सिल्लोडच्या मोहल्ल्यात एक मुलगा आहे. जून २०२० मध्ये त्याचे नाव पहिलीत दाखल झाले. वर्गात तो प्रत्यक्ष बसला तो दुसरीत, २०२१ साल सरता सरता. जून २०२५ मध्ये तो सहावीत गेला. परवा मी त्याला वर्तमानपत्रातली एक बातमी वाचायला दिली. अक्षरे तो ओळखतो, पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरतो. प्रगतिपुस्तकात मात्र तो दरवर्षी पास आहे.

शाळा बंद होत्या तेव्हा त्याच्या घरात फोन एकच होता. तो बापाबरोबर हमालीवर जायचा आणि रात्री परत यायचा. दुसरी गोष्ट आपल्या लक्षातही आली नाही. या मुलाच्या घरची बोली दखनी, शाळेचे माध्यम मराठी. पुस्तकातली मराठी त्याच्या कानावर पडायची ती फक्त वर्गात. वर्ग बंद झाला आणि त्याच्यापुरती ती भाषाच बंद झाली. उर्दू माध्यमातल्या मुलांचेही फार वेगळे नव्हते. पुस्तकाची उर्दू आणि घरची बोली यांत अंतर आहेच. म्हणून सगळ्यांचे सारखेच नुकसान झाले, हे म्हणणे खरे नाही.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० गुण धरून निकाल लागला : ९९.९५ टक्के. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. मुलांचा काय दोष होता? पण मुलांना दोषमुक्त केले म्हणजे आपण ऋणमुक्त झालो का?

आजारी माणसाने रोजा सोडला तर त्याच्यावर गुनाह नाही. पण बरा झाल्यावर त्या रोज्याची कजा त्याला ठेवावी लागते. सवलत वेळेची असते, कर्तव्य शिल्लकच राहते. हा फरक आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. मग शाळेच्या चुकलेल्या दीड वर्षाची कजा कोणी अदा करायची? ते मूल तर अजाण होते. तेव्हा हे कर्ज पालकांचे, शिक्षकांचे, शासनाचे आणि वस्तीचे आहे. शासनाने जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम घेतला, तोही शाळा बंद असतानाच. दीड वर्षाला ४५ दिवस!

कोणी म्हणेल, आता गाडी रुळावर आली. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ वर घसरली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ झाली. पण २०२४ मधली तिसरीची मुले शाळा उघडल्यानंतर पहिलीत आलेली होती. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाच्या बरोबरीची मुले तेव्हा पाचवीत होती. त्यांच्यातली दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी होती ४८.८ टक्के. २०१८ मध्ये पाचवीचा आकडा ५०.५ होता. म्हणजे दुखणे जुनेच आहे. महामारीने ते उघडे केले, आणि घसरण भरून येताच आपण पुन्हा निर्धास्त झालो.

बंद्यांचे हक्क ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात, असे आपण मानतो. या मुलाने आपल्याला माफ केलेले नाही. आपले काय बुडाले, हेच त्याला अजून माहीत नाही. त्याचे गप्प राहणे आपण माफी समजू नये.

प्रत्येक वस्तीत कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. मगरिबनंतरचा एक तास आहे. पुस्तके जुनीही चालतील. आधी फक्त मोठ्याने वाचून घ्यायचे, चुकले तर न रागावता पुन्हा. मी त्या मुलापासून सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी एका पानाला आम्हाला अर्धा तास लागला.