पाय कपाटामागे का उभा आहे?

बसू नकोस, उभा राहूनच ऐक. पाढा चुकला की शाळेत मी तुला उभं करायचे. आज तू मार्केट यार्डात फळभाजी विभागातल्या गाळ्याचा धनी आहेस, पण आजची चूक पाढ्याची नाही. आत्ता तुझ्या घरून आले. तुझी बायको पलंगावर, गुडघ्याखाली दोन उशा, आणि तिचा कृत्रिम पाय कपाटामागे, जुन्या कॅलेंडरात गुंडाळलेला. मोज्यांचं पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.

‘बाई, तिला त्रास नको म्हणून,’ म्हणालास. त्रास कुणाला नको, तिला की तुला? ती पाय चढवीपर्यंत थांबायला तुला धीर नाही. म्हणून तू तिला उचलतोस, मोरीत नेतोस, परत आणून ठेवतोस, आणि शेजारीपाजारी म्हणतात, काय गुणाचा नवरा! ती माणूस आहे रे, या थप्पीवरून त्या थप्पीवर टाकायची गोणी नव्हे.

आधी त्या उशा काढ. गुडघा सतत वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात, आणि एकदा गुडघा सरळ होईनासा झाला की लाखाचा पाय आणलास तरी तो नीट बसत नाही. गुडघा सरळ ठेवायचा, दिवसातून दोन-तीनदा तिला थोडा वेळ पालथं झोपू द्यायचं, म्हणजे खुब्याचा सांधाही आखडत नाही. हे फिजिओथेरपिस्टनं सांगितलं तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं? लिलावात किलोमागे रुपयाचा फरक तुला लांबून ऐकू येतो!

पाय टोचतो म्हणून काढून ठेवला, हे तुझं दुसरं कारण. ऑपरेशननंतर उरलेल्या पायाची सूज उतरते, तो कित्येक महिने बारीक होत राहतो, मग तो ज्यात बसतो ते सॉकेट ढिलं पडतं आणि भलतीकडे दाब येतो. म्हणूनच ते मोजे दिले होते. ढिलं वाटलं की एक मोजा वाढवायचा, मोजे फार चढवावे लागले की सॉकेट बदलून घ्यायचं. पाय काढल्यावर कातडी रोज बघायची, खालची बाजू आरशात. लाल डाग दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही तर पाय पुन्हा चढवायचा नाही, थेट पाय बनवून देणारं सेंटर गाठायचं. साखरेमुळे तिची संवेदना कमी झाली आहे, जखम झाली तरी तिला कळणार नाही. तुझे डोळे तिथे हवेत. आणि दुसरा पाय? तो शेवटचा कधी पाहिलास? गेलेल्या पायाच्या अंगठ्याला फोड आला तेव्हा हळद लावत बसलात, दवाखाना गाठला तेव्हा बोटं काळी पडली होती. हे मी तुला विसरू देणार नाही.

रात्री ती म्हणते, नसलेला अंगठा जळतोय. तू म्हणालास, मनाचे खेळ आहेत. तुझ्या या एका वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा शाबूत असते, आणि ती दुखू शकते. डॉक्टरांकडे त्यावर औषधं आहेत. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आरशाचा उपाय मांडला : धड पायाचं प्रतिबिंब पाहत तो हलवायचा, की काहींच्या वेदना उतरतात. तिनं हे आजवर डॉक्टरांना का सांगितलं नाही, माहीत आहे? तू हसशील म्हणून.

आणि ‘आता काय उपयोग’ हे शब्द पुण्यात राहून तोंडातून काढू नकोस. यार्डापासून फार लांब नाही, वानवडीला आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या जवानांसाठी ते 1944 साली उभं राहिलं. लष्कराचं आहे, तरी नागरिकांनाही तिथे पाय बनवून मिळतो. कारगिलच्या युद्धात पाय गेलेले मेजर देवेंद्रपाल सिंग पुढे अर्धमॅरेथॉन धावले. तिला काही धावायचं नाही. तिला गाळ्यापर्यंत चालायचं आहे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1960 च्या दशकात जयपूर फूट घडवला तो आपल्यासारख्यांसाठीच : अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, ओल्या जमिनीवर पाय टाकता यावा. पण कुठलाही पाय पेटीतून काढला की चालत नाही. आधी दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहायचं, तोल सांभाळायचा, मग पावलं. ती घाबरेल, चिडेल, रडेल. तू शेजारी उभा राहायचं. हात तिनं मागितला तर द्यायचा, आधी नाही.

लग्नानंतर शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या आणि उधारीची वही तीच बघायची. ऑपरेशन झालं आणि तू मुनीम ठेवलास. तिला विचारलंस? पाय कापला, डोकं नाही कापलं.

शनिवारी तुमचा विभाग बंद असतो, तेव्हा वेळ नाही हे मला सांगू नकोस. या शनिवारी दिवसभर घरी थांब, मोज्यांचं पाकीट फोड आणि ती स्वतः पाय चढवेपर्यंत खुर्ची ओढून समोर बस. सोमवारी गाळ्यावर दुसरा माणूस बसव आणि तिला घेऊन सॉकेट तपासायला जा. वही मात्र आज रात्रीच तिच्या हातात दे.