बोरी-बाभळींचं ऐकणं

माणगावहून निजामपूरमार्गे ताम्हिणी घाट चढून गेलं की मुळशी तालुका लागतो. त्या डोंगराळ मुलखातल्या बायांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या. पुढे राज्यभरातून भर पडत हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्यातल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या मला संसार मोडण्याविषयीची मराठीतली सगळ्यात थोर कविता वाटतात. हा वनवास चौदा वर्षांचा नव्हे. पोटुशी सीतेला रामाने रानात सोडलं, तो.

एका ओवीत सीता रानात रडते आहे आणि बोरी-बाभळी बायका होऊन तिची समजूत काढतात. अख्ख्या रानातून ओवीने झाडं निवडली ती ही. ज्याला सूत गुंडाळून सात जन्म हाच नवरा मागायचा, तो वड इथे नाही. बोर आणि बाभूळ बांधावर आपोआप उगवतात, त्यांना कोणी पुजत नाही, सरपणाला आणि कुंपणाला मात्र सगळे तोडतात. सीतेचं दुःख कळायला ओवीला अशीच झाडं लागली. मला ही निवड अजिबात सहज वाटत नाही.

संसार मोडल्याची कविता वाचताना आपण चटकन विचारतो, चूक कोणाची? कोर्टाला ते विचारावंच लागतं. पोटगी मागायला आलेल्या बाईला लग्न कधी झालं, घर कधी सोडलं, का सोडलं, हे सांगावं लागतं. त्यासाठी आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेचं 144 आहे. तिचे हक्काचे पैसे तिला मिळालेच पाहिजेत, म्हणून ही चौकशी हवीच. पण माहेरी परतलेल्या मुलीची तीच उलटतपासणी ओटीवर बसून सगळी आळी करते, आणि तिथे पोटगीही मिळत नाही. ओवीत तारीख नाही, रामाची बाजू नाही, सीतेचा खुलासाही नाही. ती रडते, आणि ऐकणारं कोणीतरी आहे.

शिवाय ही ओवी टाकलेल्या बाईचीच, असंही नाही. जिचा नवरा नांदवतो, तीसुद्धा दळताना हीच म्हणायची. त्यामुळे गाणारीच्या आयुष्यात काय घडलं ते शोधून अर्थ हाती लागत नाही. काही गुन्हा नसताना सीतेवर ही वेळ आली, तर आपल्यावरही येऊ शकते, हे जातं ओढणाऱ्या दोघींनाही ठाऊक होतं.

अशा टाकलेल्या, म्हणजे परित्यक्ता, स्त्रियांची परिषद 1988 साली संगमनेरला भरली. त्यांच्या लढ्यावर निशा शिवूरकरांनी पुढे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक लिहिलं. परिषदेत जमलेल्या बाया एकमेकींचं ऐकत होत्या आणि सरकारलाही ऐकवत होत्या. सीतेच्या ओवीत रान होतं, दरबार नव्हता. तो या बायांनी गाठला.