लोकाराधन आणि लोकसंग्रह : एका राज्यपालाचा पराभव

भारतीय वाचकाच्या परिचयाचा राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेला असतो. अमेरिकेतील घटकराज्याचा राज्यपाल मात्र थेट मतदारांकडून निवडला जातो आणि राज्याची कार्यकारी सत्ता त्याच्याच हाती असल्यामुळे कामाच्या दृष्टीने तो आपल्याकडील मुख्यमंत्र्याच्या अधिक जवळचा ठरतो. न्यायालयाने दिलेली शिक्षा माफ करण्याचा, म्हणजे क्षमादानाचा, अधिकारही बहुतेक राज्यांत त्याच्याकडे कमीअधिक प्रमाणात असतो, आणि त्याच माणसाला मुदत संपताच त्याच मतदारांपुढे पुन्हा मते मागायला जावे लागते. या दोन गोष्टी एका व्यक्तीच्या ठायी एकत्र आल्या की, लोकांना रुचेल ते करणे आणि लोकांच्या हिताचे, न्याय्य असे करणे यांत विरोध उत्पन्न झाल्यास राज्यकर्त्याचा धर्म कोणता, हा प्रश्न ग्रंथातला राहत नाही. इलिनॉय राज्याचे राज्यपाल जॉन पीटर ऑल्टगेल्ड यांना 1893 साली या प्रश्नाचे उत्तर सही करून द्यावे लागले.

4 मे 1886 रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांची सभा पांगवण्यासाठी आलेल्या पोलिसांवर बाँब फेकला गेला. तो कोणी फेकला हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही, तरी राज्यसंस्थाच नको असे मानणाऱ्या अराज्यवादी मताच्या आठ जणांना दोषी ठरवण्यात आले. 11 नोव्हेंबर 1887 रोजी चौघांना फाशी झाली, त्याच्या आदल्या दिवशी एकाने कोठडीत आत्महत्या केली आणि सॅम्युएल फील्डन, मायकेल श्वाब व ऑस्कर नीबे हे तिघे कारागृहात उरले. 1892 च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान राज्यपाल जोसेफ फायफर यांची फेरनिवड रोखून डेमोक्रॅटिक पक्षाचे ऑल्टगेल्ड सत्तेवर आले, तेव्हा या तिघांच्या सुटकेचा अर्ज त्यांच्यापुढे आला.

विचार करण्याजोगा भाग येथून सुरू होतो. अर्जावर शिकागोतील हजारो प्रतिष्ठित व्यापारी, बँकर आणि वकील यांच्या सह्या होत्या, आणि त्यांतील बहुतेकांचे म्हणणे असे होते की, कैदी दोषी आहेत असे धरले तरी त्यांनी पुरेशी शिक्षा भोगली आहे. एवढ्याच आधारावर, फारसे न बोलता, त्यांना सोडले असते तर ती दया ठरली असती आणि तिची राजकीय किंमतही बेताची पडली असती. ऑल्टगेल्ड यांनी हा सोपा मार्ग नाकारला. खटला न्याय्य झाला असेल तर राज्यपालाने त्यात हात घालण्याचे कारण नाही, आणि तो न्याय्य झाला नसेल तर कैद्यांना दया नव्हे, न्याय मिळाला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आणि 26 जून 1893 रोजी तिघांना मुक्त करताना त्यांनी दीर्घ निवेदन काढून ज्यूरी पक्षपाती रीतीने निवडली गेली, पुरावा आरोपींना बाँबफेकीशी जोडत नव्हता आणि न्यायाधीश पूर्वग्रहदूषित होते, हे तपशिलाने मांडले. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी क्षमादानाला सार्वभौमाच्या अधिकारांतील सर्वांत निसरडा अधिकार मानले, कारण त्यात न्यायाची जागा मर्जी घेण्याचा धोका असतो. ऑल्टगेल्ड यांनी कारणे उघड करून नेमकी ती मर्जीच काढून टाकली. निवेदनातील न्यायाधीशांविषयीची भाषा मात्र अकारण कठोर होती, आणि फलाची आशा सोडणाऱ्याला क्रोधही सोडावा लागतो, ही कसोटी त्यांना पूर्णपणे पेलली असे म्हणता येणार नाही.

आपल्या परंपरेत या विरोधाला दोन नेमके शब्द आहेत. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील राम लोकाराधनासाठी, म्हणजे प्रजेला संतुष्ट ठेवण्यासाठी, निर्दोष सीतेचाही त्याग करतो, आणि त्या निर्णयाची वेदना नाटकभर त्याला जाळत राहते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रह वेगळा आहे. समाजाची धारणा व्हावी, तो विस्कटू नये, यासाठी ज्ञानी पुरुषाने आसक्ती सोडून केलेले कर्म, असा त्याचा अर्थ आहे, आणि लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त याच कल्पनेला मध्यवर्ती स्थान दिले. निर्दोषाला शिक्षा भोगू देऊन प्रजा शांत ठेवणे हे लोकाराधन होय. तीच प्रजा उद्या ज्या न्यायासनावर विसंबणार आहे ते शुद्ध ठेवणे हा लोकसंग्रह होय.

3 नोव्हेंबर 1896 रोजी फेरनिवडणुकीत रिपब्लिकन जॉन टॅनर यांनी ऑल्टगेल्ड यांचा एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. हे क्षमादानाचे फळ होते, असे सरळ म्हणणे चुकीचे ठरेल. 1893 पासूनची मंदी, रौप्य चलनाचा वाद, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन मॅकिन्ली यांची देशव्यापी सरशी आणि रेल्वे कामगारांच्या पुलमन संपात संघीय सैन्य धाडण्यास ऑल्टगेल्ड यांनी केलेला विरोध, हे सारे त्यात मिसळले होते. तरीही प्रचारात त्यांना अराज्यवाद्यांचा पाठीराखा म्हणून हिणवले गेले, हे खरे आहे. पण मतदारांना सत्ता काढून घेण्याचा पूर्ण अधिकार आहे, हे मान्य करूनही, त्या अधिकाराच्या वापराने कर्माची योग्यता ठरत नाही. मतमोजणी पद कोणाकडे जावे हे सांगते, आरोपी दोषी होते की नाही हे सांगत नाही. ज्याला पद टिकवणे हेच कर्तव्य वाटते, त्याच्यासाठी हे दोन प्रश्न एकच होऊन बसतात, आणि तेथूनच राजधर्म ढासळू लागतो.

जानेवारी 1897 मध्ये टॅनर यांनी राज्यपालपदाची सूत्रे हाती घेतली. क्षमादान एकदा दिले गेले की ते मागे घेण्याचा अधिकार उत्तराधिकाऱ्याला नव्हता. फील्डन, श्वाब आणि नीबे मुक्तच राहिले.