आडवी बाटली आणि आपली साक्ष

यवतमाळ जिल्ह्यातील महिला अनेक वर्षांपासून दारूबंदी मागत आहेत. शेजारच्या वर्ध्यात ती १९७५ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. गावातील दुकानापुरता निर्णय मात्र मतदानाने घेता येतो. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. दारू हराम आहे, एवढ्या कारणावरून मुसलमानाने आडव्या बाटलीवर शिक्का मारावा काय?

खुशाल मारावा. श्रद्धा घरी ठेवून मतदानाला जा, असे सांगणाऱ्यांना माणसाचे अंतःकरण कळलेले नाही. परंतु मत तुमचे असते, कायदा शेजाऱ्यालाही बांधतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दारूबंदीच्या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा जयपाल सिंग यांनी आदिवासींच्या धार्मिक विधींत मद्याला स्थान आहे, असे सांगून विरोध केला. आपल्याकडचे गोंड-कोलाम बांधवही विचारू शकतात : तुमच्या हरामपायी आमचा विधी का अडावा? ‘कुरआनात तसे आहे’ हे त्यांना दिलेले उत्तर होत नाही. धर्मात सक्ती नाही, हेही कुरआनच सांगतो (२:२५६).

मग बोलावे कशाच्या आधारे? सूरह अल-बकराची २१९वी आयत पाहा. दारू-जुगारात लोकांसाठी काही लाभ असल्याचे ती नाकारत नाही. त्यातील पाप लाभाहून मोठे आहे, असे तोलून सांगते. हा तोल शेजाऱ्यापुढे मांडता येतो. मजुरी गुत्त्यावर संपते, रात्री मारहाण होते, मुले उपाशी निजतात. हे कोलाम आईला समजावून सांगावे लागत नाही. संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदातही दारूबंदी सार्वजनिक आरोग्याच्या शेजारीच बसली आहे. शिवाय आडव्या बाटलीने परवान्याचे दुकान बंद होते; देवापुढे ठेवलेल्या मोहाच्या वाटीला ती हात लावत नाही, आणि लावू नये.

आणखी एक. दुकान बंद होण्यासाठी नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे घरी बसलेल्याचे मत आपोआप उभ्या बाटलीला जाते. मत ही साक्ष आहे, असे कित्येक उलमांनी म्हटले आहे, आणि साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण कुरआनने गुन्हेगार ठरवले आहे (२:२८३). आपण दारूला शिवत नाही, एवढ्यावर समाधान मानून त्या दिवशी दुकान-शेतीला लागणारे आपल्यात थोडे नाहीत. आणि त्या दुकानाचा गाळा आपल्याच चुलत्याने भाड्याने दिला असेल तर? सूरह अन-निसाच्या १३५व्या आयतीत आईवडील व नातलगांविरुद्ध द्यावी लागणारी साक्षही सुटलेली नाही.