सल्ल्याला मीटर नाही

कराडला खेटून असलेल्या आमच्या मलकापूरची ख्याती चोवीस तास पाण्याची. मीटर बसले आणि लोकांना थेंबाची किंमत कळली. सल्ल्याला मात्र मीटर नाही. तो बदाबदा वाहतो.

परवा माझ्या रक्तात साखर निघाली. बँकेत बातमी फुटली आणि काउंटरवर चेकांबरोबर कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड जमा होऊ लागली. एकाने मधुमेहावरचं पुस्तक दिलं. त्याची पानंसुद्धा सुटी झाली नव्हती. अर्थात मीही काही कमी नाही. “कर्ज काढू का?” असं कुणी विचारलं, की बेधडक “काढा” म्हणतो. हप्ता त्याचा!

मग पेन्शनच्या रांगेतले एक आजोबा खिडकीशी आले. हळूच म्हणाले, “साहेब, मला अकरा वर्षं झाली. पहिल्या रात्री भीतीनं झोप नव्हती. तुम्हाला लागली का?”

नव्हती लागली. पण हे मी घरीही बोललो नव्हतो.

सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर चेक फाडणं. अनुभव सांगताना आपल्याच खात्यातून काहीतरी वजा होतं. आजोबांचा थोडा रुबाब वजा झाला, म्हणून तर माझ्या खात्यात धीर जमा झाला.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ठाऊक आहे. मी तरी कुठं झोपले होते?”